शिंकेपासून ऑपरेशनपर्यंत आणि नंतरच्या ‘उन्हाळी’पर्यंत: लघवीच्या गळतीसाठी पहिल्यांदाच डॉक्टरकडे निघालेल्या बायकांसाठी

मी कराडजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. वय ५४, दोन बाळंतपणं, दोन्ही नॉर्मल. शिंक आली की थेंबभर, फळ्यावरचं वरचं पुसायला टाचा उंचावल्या की थेंबभर, असं सात वर्षं चाललं होतं. शाळेत स्वच्छतागृहाची अवस्था सांगायला नको, म्हणून सकाळी अर्धा कप चहावर निघायचं आणि साडेपाचला घरी येऊन पाणी प्यायचं. मंगळागौरीला फुगडीसाठी हात पुढे आला की मी ‘गुडघा दुखतोय’ सांगायची. गुडघा ठणठणीत होता.

गेल्या वर्षी पुण्यात ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण सहाव्या दिवशी लघवीला संसर्ग झाला आणि त्यात मी दोन चुका केल्या. पुढच्या बाईने त्या करू नयेत म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गोळीचं नाव वाचून गोळी घेऊ नका, प्रश्न घेऊन जा.

आधी एक शब्द सरळ करू: ‘पिशवी’

आपल्याकडे गर्भाशयही पिशवी, मूत्राशयही पिशवी आणि लघवीसाठी घातलेल्या नळीला (कॅथेटर) लावतात तीही पिशवी. ‘पिशवी खाली आलीय’ असं म्हणून मी डॉक्टरांसमोर पाच मिनिटं गोंधळ घातला. त्यांना वाटलं अंग बाहेर येतंय, मला म्हणायचं होतं लघवी धरवत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र असूही शकतात, पण उपचार वेगळे. तेव्हा स्पष्ट बोला: ‘लघवी गळते’, ‘खाली काहीतरी लोंबल्यासारखं वाटतं’. तिथे बसलेल्या माणसाने हे रोज ऐकलेलं असतं.

१. गळती कोणत्या जातीची, ते ओळखा

शिंकणं, खोकणं, हसणं, हंडा उचलणं यानं गळत असेल तर ती ताणाची गळती. मूत्रमार्गाला खालून आधार देणारे स्नायू आणि पडदे सैल झालेले असतात.

अचानक जोराची लागते, कुलपात किल्ली फिरवेपर्यंतही थांबवत नाही, ती घाईची गळती. इथे मूत्राशय स्वतःच वेळेआधी आकुंचन पावतं. पुष्कळ जणींना दोन्ही असतं. मग जास्त त्रास कशाचा, हे तुम्हीच सांगायचं.

हे वेगळं करणं इतकं महत्त्वाचं का? कारण आधाराची पट्टी घालायचं ऑपरेशन ताणाच्या गळतीसाठी असतं. घाईच्या गळतीला सवयी बदलणं, गोळ्या, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं असा वेगळा रस्ता आहे. माझ्या मावसबहिणीला घाईची गळती होती आणि ती ‘तुझ्यासारखंच ऑपरेशन करून टाकते’ म्हणत होती. तिला मी पुढची पायरी करायला लावली.

२. तीन दिवसांची वही

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. लागतं काय? एक वही, पेन, घड्याळ आणि मिलिलिटरच्या खुणा असलेलं प्लॅस्टिकचं भांडं. ते स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही, म्हणून त्यावर लाल पट्टी चिकटवा.

सलग तीन दिवस, त्यातला एक तरी कामाचा, हे लिहायचं: किती वाजता काय आणि किती प्यायलं (चहा, ताक, आमटीही), किती वाजता किती मिली लघवी झाली, गळली का, गळली तेव्हा काय करत होता, पॅड किती बदलले, रात्री किती वेळा उठलात.

माझ्या वहीत दिसलं की मी शाळेच्या दिवशी साडेपाचपर्यंत जेमतेम ४०० मिली पित होते आणि संध्याकाळनंतर दीड लिटर. मग रात्री तीनदा उठणं हा आजार नव्हताच, माझा स्वतःचा कारभार होता! डॉक्टरांनी वही दोन मिनिटं पाहिली आणि म्हणाले, ‘ताई, निम्मं निदान तुम्हीच करून आणलंत.’

एक सापळा: वही लिहायची म्हणून त्या दिवसांत शहाण्यासारखं वागू नका. नेहमीसारखं जगा आणि तेच लिहा.

ही वही जपून ठेवा. ऑपरेशननंतर पुन्हा लागते, आणि तेव्हा ती जास्त उपयोगी पडते.

३. तपासण्या: कोणत्या हव्यात, कोणत्यांबद्दल विचारायचं

स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ, दोघांपैकी कोणाकडेही सुरुवात चालेल. मोठ्या शहरांत युरोगायनॅकॉलॉजिस्ट, म्हणजे नेमके हेच पाहणारे डॉक्टर, मिळतात.

आतून तपासताना खोकायला सांगतात आणि गळतं का ते पाहतात. त्या वेळी मूत्राशय थोडं भरलेलं हवं. मी लाजेनं आधीच रिकामं करून गेले आणि फेरी फुकट गेली. याशिवाय लघवीची साधी तपासणी व गरज वाटल्यास कल्चर (लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी), लघवी केल्यावर आत किती उरते याची सोनोग्राफी, आणि साखर असेल तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी.

‘युरोडायनॅमिक’ नावाची एक तपासणी असते: मूत्राशयात बारीक नळी घालून, पाणी भरत दाब मोजतात. ती खर्चिक आणि संकोचाची आहे. २०१२ साली अमेरिकेत ६३० बायकांवरच्या एका अभ्यासाचा निकाल आला. या बायकांना सरळसाधी ताणाची गळती होती. निम्म्यांची फक्त दवाखान्यातली तपासणी केली, निम्म्यांची युरोडायनॅमिकही. ऑपरेशननंतर वर्षाने दोन्ही गटांत बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण साधारण ७७ टक्केच होतं. म्हणजे साध्या केसमध्ये ‘ही तपासणी केल्याने माझ्या उपचारात काय बदलेल?’ असं विचारायला हरकत नाही. मात्र आधी ऑपरेशन झालेलं असेल, दोन्ही प्रकारची गळती असेल किंवा लघवी पूर्ण होत नसेल, तर ती खरंच लागते. तेव्हा हा आकडा डॉक्टरांच्या तोंडावर फेकू नका.

४. ऑपरेशनच्या आधी तीन महिने द्या

मला हे कंटाळवाणं वाटलं होतं. पण खालच्या स्नायूंचा व्यायाम हा ताणाच्या गळतीचा पहिला उपचार आहे, पर्याय म्हणून सांगायची गोष्ट नव्हे. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. केगल यांनी तो मांडला म्हणून त्याला केगल म्हणतात. काही जणींचं ऑपरेशन त्याने टळतं.

गॅस अडवताना जे आवळतो, ते आवळायचं. आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट, मांड्या, श्वास मोकळे. लघवी करता करता मध्येच थांबवून व्यायाम करू नका. ती सवय मूत्राशय रिकामं करण्यातच अडथळा आणते. एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. मी दीड महिना चुकीचे स्नायू आवळत होते. ती मुलगी म्हणाली, ‘काकू, तुम्ही भुवया आवळताय!’

वजन जास्त असेल तर तेही पाहा. २००९ साली आलेल्या एका अभ्यासात जास्त वजनाच्या ३३८ बायका होत्या. आहार-व्यायामाच्या गटाचं सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरलं आणि आठवड्यातली गळती ४७ टक्क्यांनी कमी झाली. नुसती माहिती दिलेल्या गटात ती २८ टक्क्यांनी कमी झाली. माझं वजन दोन किलोच उतरलं, त्यामुळे मी जास्त बोलत नाही.

५. ऑपरेशन निवडताना संशोधन कसं वाचायचं

ताणाच्या गळतीसाठी आज सर्वांत जास्त ऐकू येणारं ऑपरेशन म्हणजे मूत्रमार्गाखाली पॉलिप्रॉपिलीनची (एक प्रकारचं प्लॅस्टिक) जाळीदार पट्टी घालणं. स्वीडनच्या उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये ते मांडलं. दुसरा रस्ता म्हणजे स्वतःच्याच पोटाच्या पडद्याची पट्टी काढून वापरणं, आणि तिसरा, पोटातून टाके घालून वर आधार देणारं जुनं बर्च ऑपरेशन.

इंटरनेटवर ‘जाळी’ शोधलंत की घाबराल. मीही घाबरले. इथे एक फरक समजून घ्या. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) एप्रिल २०१९ मध्ये ज्या जाळ्यांची विक्री थांबवली, त्या अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या मोठ्या जाळ्या होत्या. गळतीसाठीची अरुंद पट्टी त्या आदेशात नव्हती. मात्र इंग्लंडमध्ये जुलै २०१८ पासून गळतीच्या पट्टीवरही निर्बंध आले, कारण काही बायकांना पट्टी आत घासून उघडी पडण्याचा आणि कायमच्या दुखण्याचा त्रास झाला होता. दोन देश, दोन निर्णय. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? पट्टी काढायची वेळ आली तर कोण काढतं?

आता संसर्गाकडे. संशोधन वाचताना बहुतेक जण ‘यश किती टक्के’ एवढंच बघतात आणि पुढचं पान उलटत नाहीत. २००७ साली ६५५ बायकांवरचा एक अभ्यास आला: स्वतःच्या पडद्याची पट्टी की बर्च? दोन वर्षांनी ताणाची गळती बरी झालेल्या बायका पट्टीच्या गटात ६६ टक्के, बर्चच्या गटात ४९ टक्के. इथे थांबलात तर निर्णय सोपा. पण त्याच अभ्यासात लघवीचा संसर्ग, लघवी करायला त्रास आणि नव्याने सुरू झालेली घाई, हे सगळं पट्टीच्या गटातच जास्त होतं. आधार जितका घट्ट, तितकी गळती कमी आणि बाहेर पडायची वाटही थोडी अडलेली. आणि अडलेलं पाणी नासतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

बोटॉक्सचंही तसंच. २०१२ च्या एका अभ्यासात घाईच्या गळतीसाठी गोळ्या आणि बोटॉक्स दोन्हींनी साधारण सारखाच फायदा झाला, पण लघवीचा संसर्ग गोळ्यांच्या गटात १३ टक्के आणि बोटॉक्सच्या गटात ३३ टक्के. मावसबहिणीला मी हेच दोन आकडे वाचून दाखवले. तिने गोळ्यांपासून सुरुवात केली.

६. कागद आणि सामान

फाइलमध्ये: जुने सर्व रिपोर्ट, तीन दिवसांची वही, चालू गोळ्यांची यादी (रक्त पातळ करणाऱ्या आणि साखरेच्या वेगळ्या लिहून), कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते ठळक अक्षरांत, आधार कार्ड, विम्याचं कार्ड व पॉलिसीची प्रत. कॅशलेस हवं असेल तर विमा डेस्कवर आठवडाभर आधी जा. बऱ्याच पॉलिसींत अशा ठरावीक ऑपरेशनना सुरुवातीची काही वर्षं प्रतीक्षाकाळ असतो. तो आधी वाचा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशन कार्ड घेऊन जा आणि हे ऑपरेशन यादीत बसतं का ते लेखी विचारा.

सामानाच्या पिशवीत: सुती सैल परकर किंवा गाऊन, साधे पॅड (टॅम्पॉन नाही), खुणांचं ते लाल पट्टीचं भांडं, थर्मामीटर, वही.

घरी परतताना मागून घ्या: डिस्चार्ज कार्ड, संमतिपत्राची प्रत आणि पट्टी बसवली असेल तर तिच्या पाकिटावरचं स्टिकर, ज्यावर कंपनी आणि बॅच क्रमांक असतो. स्टिकर मी मागितलं तेव्हा नर्स म्हणाली, असं कोणी मागत नाही. मी वहीत चिकटवलं.

७. ऑपरेशनचा दिवस आणि नळी

आधी लघवीत संसर्ग निघाला तर ऑपरेशन पुढे ढकलतात. चिडू नका, ते तुमच्याच भल्याचं आहे. घरी ब्लेडने केस काढू नका. बारीक जखमांतून जंतू शिरतात, काढायचेच असतील तर रुग्णालयात क्लिपरने काढतात. अँटिबायोटिकचा महत्त्वाचा डोस चीर देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून देतात.

नळी जितके दिवस आत, तितका धोका जास्त. दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्क्यांनी लघवीत जंतू येण्याची शक्यता वाढते. त्यामुळे रोज सकाळी विचारा, ‘नळी आज निघेल का?’ तोवर पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. मला स्ट्रेचरवरून हलवताना वॉर्डबॉयने भरलेली पिशवी माझ्या पोटावर ठेवली, म्हणजे तीच लघवी परत आत जाणार. मी गुंगीत होते, बघत राहिले. तुमच्याबरोबरच्या माणसाला हे एवढं एक वाक्य शिकवून ठेवा: ‘पिशवी खाली धरा.’

नळी काढल्यावर लघवी मोजायला सांगतात. अनेक ठिकाणी आधी मूत्राशयात साधारण ३०० मिली पाणी भरतात आणि त्यातलं दोन तृतीयांश बाहेर आलं की घरी सोडतात. आलं नाही तर नळी घेऊन काही दिवस घरी जावं लागतं. त्यात नापास झाल्यासारखं काही नाही.

८. पहिले दोन आठवडे: संसर्ग

सहाव्या दिवशी जळजळ सुरू झाली. नणंद म्हणाली, ‘वहिनी, उन्हाळी लागली असेल, धण्या-जिऱ्याचं पाणी घ्या.’ घेतलं. बरं वाटलं, दुपारपुरतं. ही पहिली चूक: ऑपरेशननंतरची जळजळ ही उन्हातून आल्यावरची उन्हाळी नव्हे. पाणी जरूर प्या, पण त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

दुसरी चूक मोठी. शेजारच्या मेडिकलमधून दोन गोळ्या घेतल्या आणि मग तिसऱ्या दिवशी कल्चर दिलं. रिपोर्ट आला: वाढ नाही. जंतू अर्धमेले झाले होते, मेले नव्हते. चार दिवसांनी पुन्हा जळजळ, पुन्हा कल्चर, आणि तेव्हा ई. कोलाय निघाला, लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा जंतू.

म्हणून क्रम असा:

आधी नमुना, मग गोळी. हात धुवा, पुढून मागे साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्या. टाके ताजे असताना पॅडवरचा स्राव मिसळला तर रिपोर्ट फसवा येतो. नीट जमत नसेल तर नर्सला सांगा. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजवरून घरात वाद होतील, होऊ द्या.

दोन-तीन दिवसांत येणाऱ्या रिपोर्टमध्ये औषधांपुढे ‘एस’ किंवा ‘आर’ असतं. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, आर म्हणजे दाद देत नाही. माझ्या रिपोर्टवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे आर होतं, आणि मेडिकलवाल्याने मला दिलेली गोळी तीच. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस होतं, पाच दिवसांत बरं वाटलं. त्या गोळीने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका. किडनीचं काम कमी असेल किंवा ताप असेल तर मात्र ती गोळी योग्य नसते, हे ठरवणं डॉक्टरांचं.

उलट बाजूही सांगते. काही त्रास नाही आणि रिपोर्टमध्ये ‘पस सेल’ (पूच्या पेशी) जास्त, किंवा जंतू दिसतात, एवढ्यावर बहुतेकदा अँटिबायोटिक लागत नाही. ‘रिपोर्ट साफ येईपर्यंत’ गोळ्या खाल्ल्याने पुढचा जंतू चिवट होतो, इतकंच.

मग ‘आधीच घेऊन ठेवू का?’ माझाही प्रश्न हाच होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑपरेशननंतर नळीसह घरी जाणाऱ्या १५९ बायकांना नायट्रोफ्युरँटॉइन किंवा नुसतीच बिनऔषधाची गोळी दिली. औषधवाल्या गटात संसर्ग कमी झाला नाही. क्रॅनबेरीच्या कॅप्सूलबद्दल २०१५ च्या १६० बायकांच्या अभ्यासात चांगलं चित्र आलं, संसर्ग ३८ टक्क्यांऐवजी १९ टक्के. पण तो एकाच ठिकाणचा छोटा अभ्यास, कॅप्सूल महाग, आणि बाजारात मिळतो तो गोड रस म्हणजे कॅप्सूल नव्हे. मी घेतल्या नाहीत.

पाण्याचं मात्र मनावर घ्या. २०१८ च्या अभ्यासात वारंवार संसर्ग होणाऱ्या, कमी पाणी पिणाऱ्या १४० बायका होत्या. पाळी सुरू असलेल्या वयातल्या, म्हणजे माझ्यापेक्षा तरुण. ज्यांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायलं त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. गळतीच्या भीतीने पाणी तोडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे कडू आहे. पाळी गेलेल्यांनी योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या क्रीमबद्दल विचारावं. वारंवारचा संसर्ग त्याने कमी होतो. टाके भरेपर्यंत ते कधी सुरू करायचं, ते डॉक्टर सांगतील.

आणि वही. मी पुन्हा मोजायला लागले तेव्हा दिसलं, दर वेळी ६०-८० मिलीच होतेय, दिवसातून पंधरा वेळा. मला वाटलं संसर्गामुळे. डॉक्टरांनी आकडे पाहून लगेच सोनोग्राफी केली: लघवी केल्यावरही आत १८० मिली उरत होती. जंतूंना तळं मिळालं होतं. मग शिकवलं: पाय टेकवून, पुढे झुकून सावकाश बसायचं, झाली असं वाटलं की उठून दोन मिनिटांनी पुन्हा बसायचं. जोर लावायचा नाही. दोन आठवड्यांत ४० मिलीवर आलं. नुसत्या गोळ्या खात बसले असते तर तिसऱ्यांदा संसर्ग झाला असता, असं त्यांचं म्हणणं.

९. इथे थांबायचं नाही, थेट रुग्णालयात

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या. लघवी लागलेली असून चार-सहा तास अजिबात न होणं. पॅड भरभरून रक्त. टाक्यातून पू, घाण वासाचा स्राव, मांडीत वाढत जाणारं दुखणं. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

महिन्या-वर्षांनी टोचल्यासारखं वाटणं, संबंधाच्या वेळी नवऱ्याला काहीतरी खरखरीत लागणं, किंवा उगाच थोडं रक्त दिसणं, हेही सांगायचं. पट्टी उघडी पडल्याची ती खूण असू शकते.

१०. सहा आठवडे

भरलेली बादली, सिलेंडर, नातवंडं उचलायची नाहीत. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही; कुंथणं म्हणजे टाक्यांवर दररोज ताण. संबंध, पोहणं, टॅम्पॉन सहा आठवडे बंद. चालणं पहिल्या दिवसापासून.

सहाव्या आठवड्याच्या भेटीला वहीतले शेवटचे तीन दिवस, कल्चरचे रिपोर्ट आणि प्रश्नांची यादी न्या. माझ्या यादीत अकरा प्रश्न होते. शेवटचा फुगडीचा होता; डॉक्टरांनी आधी कॅलेंडर पाहिलं, मग श्रावणाला अजून तीन महिने आहेत असं म्हणून केगलचा तक्ता पुन्हा हातात दिला.